कॉलर विरलेली, वतन शाबूत

२००३ च्या ऑगस्टमध्ये मी सोलापुरातून अमेरिकेत शिकायला आले तेव्हा आईने नवी पेठेतल्या टेलरकडून मला कोट-पँटचा सेट शिवून घेतला होता, काळा, आतून अस्तर, खांद्याला पॅड, आणि त्यावर काळे बूट, तेही इतके नवे की चालताना कर्र कर्र वाजायचे. "पहिल्या दिवशी छाप पडली पाहिजे" हे आईचं म्हणणं. पहिल्याच आठवड्यात डीनच्या घरामागच्या हिरवळीवर नव्या पोरांसाठी चहापान होतं, तिकडे मी तो अख्खा सेट चढवून गेले, उन्हात, घामाघूम, आणि छाप पडली खरी, कारण एका बाईंनी माझ्या हातात आपला रिकामा ग्लास दिला. त्यांना वाटलं मी केटरिंगवाली.

केटरिंगवाले सोडून तिथे काळ्या कोटात मी एकटीच होते. बाकीची पोरं कशी होती सांगते. एकाच्या अंगात फिका गुलाबी टीशर्ट, कॉलर उभी केलेली आणि त्या कॉलरच्या कडेचे धागे बाहेर आलेले. खाली खाकी हाफपँट, कमरेला पट्टा, पट्ट्यावर छोटे छोटे देवमासे भरलेले. पायात तपकिरी चामड्याचे बोटीवर घालायचे बूट, मोजे नाहीत, आणि एका बुटाला पुढून चंदेरी चिकटपट्टी गुंडाळलेली. मला खरंच त्याची दया आली हो. म्हटलं असेल बिचारा स्कॉलरशिपवर आलेला, आपल्यासारखाच, नवे बूट परवडत नसतील. दोन महिन्यांनी कळलं की ज्या डायनिंग हॉलमध्ये मी भांडी धुवायचे त्याच्या दारावर दगडात कोरलेलं आडनाव आणि या पोराचं आडनाव एकच आहे.

नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, ही म्हण आपल्याला पाठ. पण हातात पिढ्यानपिढ्यांचं सोनं असताना मुद्दाम कथलाचा वाळा घालून फिरायची पद्धत असते आणि तिला एक नाव असतं, हे मला तिथे समजलं. त्याला म्हणतात प्रेपी.

शब्द आला प्रेप स्कूलवरून. कॉलेजची तयारी करून घेणाऱ्या खाजगी निवासी शाळा, मुख्यतः अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या. अँडोव्हरची १७७८ सालची, एक्सेटरची १७८१ ची, म्हणजे अमेरिकेची राज्यघटना लिहून व्हायच्याही आधीच्या. ग्रोटनसारखी १८८४ ची शाळा त्यांच्यात नवी म्हणायची. श्रीमंत घरातली पोरं तिथून सरळ हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनला जायची, एकेकाळी पोरगा जातोय का हा प्रश्न नसायचा, कुठल्या होस्टेलला राहील एवढाच असायचा. या पोरांचे कपडे, बोलणं, खेळ, सुट्ट्या, टोपणनावं, सगळ्याची मिळून जी एक ढब तयार झाली ती प्रेपी. आणि तिचा पहिला नियम असा की मेहनत दिसता कामा नये. कपडे चांगले पाहिजेत पण नवे दिसता कामा नयेत, अभ्यास केलेला असला तरी केला म्हणून सांगायचं नाही, पैसा तर विषयच काढायचा नाही. नँटकेट नावाच्या बेटावरची एक प्रसिद्ध विटकरी पँट आहे, ती धुऊन धुऊन फिकी गुलाबी होते आणि ती फिकी होणार याची दुकानदार चक्क गॅरंटी देतो! माझ्या आईने हे ऐकलं असतं तर तिने त्या दुकानदाराला फैलावर घेतलं असतं, आमच्याकडे कापड रंग सोडत नाही ना हे बघायला कोपरा ओला करून पांढऱ्या रुमालावर घासून बघतात.

आता यातली गंमत बघा, मी सोलापूरची, वडील मिलमध्ये क्लार्क होते, मिल बंद पडेपर्यंत, त्यामुळे कापड दिसलं की हात आपोआप जातो. आणि हे जे अस्सल अमेरिकन खानदानी कपडे म्हणून मिरवतात ना, त्यातली निम्मी आपल्या इकडची निघतात. खाकी हा आपलाच शब्द, खाक म्हणजे माती त्यावरून. सीअरसकर म्हणून ते सुरकुतलेलं पट्ट्यापट्ट्यांचं उन्हाळी कापड, त्याचं नाव फारसीतल्या दूध-साखरेवरून पडलं आणि गेलं हिंदुस्थानातून. बटणं लावलेली कॉलर ब्रुक्स ब्रदर्सच्या जॉन ब्रुक्सने १८९६ च्या सुमारास आणली, इंग्लंडमध्ये पोलो खेळणाऱ्यांच्या कॉलरी वाऱ्याने उडू नयेत म्हणून बटणाने अडकवलेल्या बघून, आणि पोलो इंग्रजांनी शिकला मणिपुरी लोकांकडून. सगळ्यात भारी मद्रास चेक्स. १९५८ च्या आसपास एका अमेरिकन व्यापाऱ्याने मद्रासचं हातमागाचं चौकड्यांचं कापड कॅप्टन कृष्णन नायर यांच्याकडून उचललं, हेच नायर ज्यांनी पुढे लीला हॉटेलं काढली. त्यांनी सांगितलं होतं थंड पाण्यात हलक्या हाताने धुवा, रंग कच्चा आहे. तो निरोप काही पुढे गेला नाही, ब्रुक्स ब्रदर्सने कपडे शिवून विकले, गिऱ्हाइकांनी मशीनमध्ये टाकले, आणि सगळा रंग बाकीच्या कपड्यांना लागला. बोंबाबोंब झाली. मग डोकं चालवून जाहिरात अशी केली की याचा रंग जाणारच, हीच त्याची खासियत! आणि लोकांनी रांगा लावून घेतलं. आमच्या गल्लीत त्याच चौकड्याच्या लुंग्या नेसून म्हातारे सकाळी दूध आणायला जायचे, आणि इथे त्याच कापडाचे तुकडे जोडून शिवलेली हाफपँट घालून माझ्या वर्गातला एक जण बोटीच्या शर्यतीला जायचा.

येल हे नावसुद्धा मद्रासचंच देणं. एलिहू येल हा ईस्ट इंडिया कंपनीचा मद्रासच्या फोर्ट सेंट जॉर्जचा प्रमुख, तिथे भरपूर माया जमवून परतला, आणि १७१८ मध्ये त्याने न्यू हेवनच्या एका गरीब कॉलेजला पुस्तकं, राजाचं एक चित्र आणि मालाच्या नऊ गाठी पाठवल्या. माल विकून ५६२ पौंड आले, तेवढ्यावर कॉलेजला त्याचं नाव पडलं ते आजतागायत. म्हणजे दाराला आडनाव लावायची पद्धत जुनीच आहे.

बरं, कपड्यांबद्दल माझी तक्रार नाही. उलट कपड्यांचा भाग सगळ्यात लोकशाहीवाला आहे, कारण तो दुकानात मिळतो. राल्फ लॉरेन म्हणजे प्रेपीचा बादशहा, तो मुळात ब्रॉन्क्समधल्या स्थलांतरित ज्यू घरातला राल्फ लिफशिट्झ, बाप घरं रंगवायचा, १९६७ मध्ये टाय विकायला लागला आणि ब्रँडचं नाव ठेवलं पोलो. येलच्या पोरांना कोट शिवून देणाऱ्या जे. प्रेसचा मूळ मालकही बाहेरून आलेला ज्यू माणूस. आत ज्यांना सहजी घेत नव्हते त्यांनीच आतल्यांचा युनिफॉर्म शिवला आणि पुढे सगळ्या जगाला विकला. आज पुण्यात फिनिक्स मॉलमध्ये जाऊन कोणीही घोड्याचं चित्र असलेला टीशर्ट घेऊ शकतो. घ्या की.

जे दुकानात मिळत नाही ते मला दिसलं डिशरूममध्ये.

एफ-१ म्हणजे विद्यार्थ्यांच्या व्हिसावर आठवड्याला वीस तास कॅम्पसवर काम करता येतं, मी ते सगळे वीस तास डायनिंग हॉलच्या मागच्या खोलीत काढले. भिंतीला एक आडवी फट, फटीतून सरकता पट्टा, त्यावरून उष्ट्या ट्रे आत यायच्या, आम्ही ताटं वेगळी करायची, उरलेलं खरवडायचं, ग्लास पालथे मांडायचे. पलीकडच्या पोरांची तोंडं दिसायची नाहीत, फक्त हात. हातांवरून मी माणसं ओळखायला शिकले. करंगळीत खानदानी चिन्ह कोरलेली अंगठी असलेला एक हात होता, तो ट्रे कधीच सरळ ठेवायचा नाही, भिरकवायचा, आणि वाडगं कलंडायचं. दुसरा एक हात होता, नखं कुरतडलेली, तो ताटातलं सगळं कागदात गोळा करून ट्रे व्यवस्थित लावून पाठवायचा. ती मुलगी नंतर माझ्या शेजारीच कामाला लागली. वडील ट्रक ड्रायव्हर, घरातून कॉलेजला आलेली पहिलीच. ती म्हणायची, मला भीती वाटते की कोणीतरी येऊन म्हणेल चूक झाली, तुझं नाव यादीत नव्हतं. मार्क तिचे त्या अंगठीवाल्यापेक्षा चांगले असणार, शंकाच नाही. पण त्याला स्वप्नातसुद्धा वाटत नसणार की आपण इथे चुकून आलोय. हाच फरक, आणि कितीही स्कॉलरशिप दिली तरी तो भरून निघत नाही. इंग्रजीत त्याला कॉन्फिडन्स म्हणतात आणि इंटरव्ह्यूत त्याचे मार्क देतात. मी त्याला गर्भश्रीमंती म्हणते, आपल्या भाषेत इतका नेमका शब्द असताना दुसरा कशाला.

हार्वर्डमध्ये तर अनेक वर्षं पगारी काम म्हणून एक ठरलेली व्यवस्थाच होती, डॉर्म क्रू, त्यात विद्यार्थीच इतर विद्यार्थ्यांच्या खोल्यांची बाथरूमं साफ करायचे. पैसे बरे मिळायचे म्हणून गरजू पोरं जायची. आता श्रमाला कमी लेखू नये वगैरे मला कोणी शिकवू नका, मी स्वतः उष्टी काढलीयेत आणि त्या पैशावर घरी फोनकार्डं घेतलीयेत. पण एकाच वर्गातल्या दोघांपैकी एकाने सकाळी दुसऱ्याचा संडास घासायचा आणि दुपारी त्याच्याशी समतेवर चर्चा करायची, हे ज्या कॉलेजच्या तिजोरीत अब्जावधी डॉलर आहेत त्यांना इतकी वर्षं खटकलं नाही याचं मला मराठी माणूस म्हणून जरा जास्तच नवल वाटतं, कारण कोणी कोणाचं काय साफ करायचं हे जन्मावरून ठरवण्यात आपण जगात एक नंबर होतो.

इथे मला बाबासाहेब आठवतात. १९१३ मध्ये ते कोलंबियात आले, सयाजीरावांची महिन्याला साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती, तीन वर्षांची. न्यूयॉर्कचं सगळं सोडून दिवसदिवस लायब्ररीत बसायचे. तो काळ असा की याच बड्या कॉलेजांना ज्यू पोरं फार यायला लागली म्हणून धास्ती बसायला लागली होती, पोरं परीक्षेत पुढे जायची, त्यांना अडवायचं कसं? हार्वर्डचा अध्यक्ष लॉवेल याने १९२२ मध्ये उघडउघड कोटा मांडला. तो तसा पास झाला नाही, मग दुसरे मार्ग निघाले. परीक्षेच्या जोडीला चारित्र्य बघायला लागले, फोटो मागायला लागले, मुलाखत, शिफारसपत्र, आणि बाप कुठल्या कॉलेजचा. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना झुकतं माप द्यायची पद्धत, जिला लेगसी म्हणतात, ती या १९२० च्या दशकात नीट रुजली. म्हणजे जिला आज परंपरा म्हणतात ती मुळात बाहेरच्यांना आत येऊ न देण्यासाठी दाराला लावलेली कडी आहे.

लेगसीला मराठीत वशिला म्हणता येईल, पण वशिला लपूनछपून लावावा लागतो, हा तर फॉर्ममध्ये छापील रकान्यात भरायचा असतो. माझ्या मते बरोबर शब्द वतन. आजोबा पाटील म्हणून नातू पाटील. आपल्याकडे कुलकर्णी वतनं १९५० च्या कायद्याने गेली, पाटीलकी १९६२ च्या कायद्याने. वतनाला दोन टोकं असतात हेही आपल्याला माहीत आहे, एका टोकाला मान आणि जमीन वारशाने, दुसऱ्या टोकाला झाडू आणि बिनमोल राबणं वारशाने. कोलंबियाहून आलेल्या माणसाने १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात महार वतनाचं बिल आणलं ते या दुसऱ्या टोकासाठी.

आकडे सांगते, कारण त्याशिवाय लोक म्हणतात बाई जळून बोलतेय. हार्वर्डवर प्रवेशावरून जो खटला झाला त्यात जी माहिती कोर्टापुढे आली त्यात माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना प्रवेश मिळायचं प्रमाण साधारण ३३ टक्के होतं, बाकीच्यांचं ६ टक्क्यांच्या आसपास. प्रवेश मिळालेल्या गोऱ्या मुलांपैकी ४३ टक्के मुलं खेळाडू, माजी विद्यार्थ्यांची मुलं, डीनच्या खास यादीतली किंवा स्टाफची मुलं यांपैकी कशात तरी बसत होती. २०१७ मध्ये राज चेट्टी आणि त्यांच्या सोबतच्या अर्थतज्ज्ञांनी दाखवलं की अमेरिकेत ३८ कॉलेजं अशी आहेत जिथे सगळ्यात श्रीमंत १ टक्का घरांतली मुलं खालच्या ६० टक्के घरांतल्या मुलांपेक्षा जास्त आहेत, त्यात येल, प्रिन्स्टन, ब्राऊन, डार्टमथ आणि पेन. २०२३ मध्ये त्यांनीच आणखी एक गोष्ट काढली, सॅट या प्रवेशपरीक्षेचे मार्क सारखे असले तरी वरच्या १ टक्क्यातल्या पोराची हार्वर्ड-येलसारख्या बारा बड्या कॉलेजांत जायची शक्यता मध्यमवर्गातल्या पोरापेक्षा दुपटीहून जास्त. कारणं तीन, लेगसी, खेळाडूंची भरती, आणि ते अभ्यासाबाहेरचे मार्क, म्हणजे व्यक्तिमत्त्व, नेतृत्व, शाळेच्या कौन्सेलरने लिहिलेलं गोडगोड पत्र.

खेळाडू म्हटल्यावर आपल्या डोळ्यापुढे गरिबाघरचा धावपटू येतो. इथले खेळ बघा ना, रोइंग, सेलिंग, स्क्वॉश, फेन्सिंग, लॅक्रॉस, वॉटर पोलो. गल्लीत कोण लॅक्रॉस खेळतं? २०१९ मध्ये व्हर्सिटी ब्लूज नावाचं जे प्रकरण निघालं त्यात पन्नासहून जास्त लोकांवर आरोप झाले, रिक सिंगर नावाचा एजंट कोचना पैसे चारून पोरांना खोटंखोटं खेळाडू दाखवायचा, कधी बोटीत न बसलेल्या पोरांना रोइंगवाले म्हणून. तो जेलमध्ये गेला, बरं झालं, पण मला नेहमी वाटतं की त्या आईबापांचा गुन्हा एवढाच की त्यांनी मागच्या दाराने पैसे दिले, पुढच्या दाराने बिल्डिंग बांधून दिली असती तर डीनने हिरवळीवर चहा पाजला असता. आपल्याकडे डोनेशन घेणारा संस्थाचालक निदान आकडा तरी सांगतो.

मग लोक म्हणतात, अहो पण हीच कॉलेजं गरिबांना फुकट शिकवतात. खरंय, मी नाही म्हणत नाही. हार्वर्डने २०२५-२६ पासून दोन लाख डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना ट्यूशन माफ केली, एवढं आपल्याकडे कोण करतं? मलाही अर्धी फी माफ होती, ती नसती तर मी आज बार्शी नाक्यावर झेरॉक्सचं दुकान चालवत असते. पण स्कॉलरशिप म्हणजे आत आल्यावर वाढलेलं ताट, प्रश्न दाराचा आहे. आणि ते म्हणतात की लेगसी काढली तर देणग्या आटतील आणि मग गरिबांच्याच फिया कुठून देणार. एमआयटी लेगसी बघत नाही, कॅलटेक बघत नाही, ती काही भिकेला लागलेली नाहीत. जॉन्स हॉपकिन्सने गाजावाजा न करता ही पद्धत बंद केली, तिथे २००९ मध्ये लेगसीवाली मुलं १२.५ टक्के होती ती दहा वर्षांत ३.५ टक्क्यांवर आली आणि गरिबांसाठीच्या सरकारी पेल अनुदानाला पात्र मुलं ९ टक्क्यांवरून १९ टक्क्यांवर गेली. तिथे शिकलेल्या अब्जाधीश मायकेल ब्लूमबर्गने १.८ अब्ज डॉलर दिले होते हे धरूनही, दार उघडल्याशिवाय नुसत्या पैशाने ते झालं नसतं. २०२१ मध्ये अ‍ॅम्हर्स्टनेही सोडली. कोलोरॅडोने सरकारी कॉलेजांत बंदी घातली, मग व्हर्जिनिया, मेरीलँडने तर खाजगीतही, कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये खाजगी कॉलेजांसाठी कायदा केला. होतंय हळूहळू. मला वाटतं हे कायद्यानेच झालं पाहिजे, सगळीकडे, कॉलेजच्या मर्जीवर सोडून नाही, कारण वतन स्वतःहून सोडलेला पाटील मी तरी बघितला नाही. आणि खाजगी आहे म्हणून त्यांची मर्जी हेही मला पटत नाही, कर माफ पाहिजे, सरकारी संशोधनाचे पैसे पाहिजेत, आणि प्रवेशाचं विचारलं की आम्ही खाजगी.

आता जे लिहिणार आहे त्याने आमच्या न्यू जर्सीतल्या मराठी गेट-टुगेदरमधले निम्मे लोक माझ्यावर फुगतील.

आपण या सगळ्यात कुठे आहोत? २०२३ च्या जूनमध्ये सुप्रीम कोर्टाने प्रवेशात वंश बघायला बंदी केली तेव्हा आमच्या ग्रुपवर पेढ्यांचे फोटो आले होते. मेरिट जिंकलं म्हणे. त्याच निकालानंतर लेगसी जशीच्या तशी उभी होती, त्यावर कोणाचा एक मेसेज नाही, अळीमिळी गुपचिळी. कृष्णवर्णीय पोराला दोन पायऱ्या खाली हात दिला की मेरिट बुडतं, आणि बँकरच्या पोराला लिफ्टने वर नेलं की ती परंपरा? हीच मंडळी पुण्यात असतानाही आरक्षणावर असंच बोलायची, आणि स्वतःचे इंग्रजी मिडियम, आजोबांचं पुस्तकांचं कपाट, सदाशिव पेठेतलं घर आणि ओळखीचे प्राध्यापक हे सगळं मेरिटमध्येच धरायची. साधी राहणी म्हणून जे कौतुक चालतं ना, विरलेला खादीचा झब्बा, जुनी लुना, ते त्यालाच शोभतं ज्याला लुनावर बघून कोणी गरीब समजणार नसतं. माझ्या वडिलांनी कॉलर विरलेला शर्ट घालून बँकेत कर्जाला जायची हिंमत केली नसती, त्यांना इस्त्रीच लागायची. मुंबईत तर मराठी शाळेतून आलेल्या पोरांना काही कॉलेजांत व्हर्नॅक, म्हणजे व्हर्नाक्युलरवाले, म्हणायचे, तोंडावर, हसत. त्यामुळे अमेरिकेत आल्यावर प्रेपी काय हे आपल्याला कळत नव्हतं असं नाही, आपण फक्त पट्ट्याच्या पलीकडून अलीकडे आलो होतो आणि घाईघाईने परत पलीकडे जायचं होतं.

आणि गेलो. परवा एका डोहाळजेवणाला गेले होते, मसालेभाताच्या रांगेत माझ्यापुढे एक बाबा दुसऱ्याला सांगत होते की आम्ही मुलीला फेन्सिंगला, म्हणजे तलवारबाजीला घातलंय, सेबर या तलवारीत स्पर्धा कमी असते, एपे या दुसरीला गर्दी फार. मुलीला आवडतं का, असं समोरच्याने विचारलं. ते म्हणाले, "आवडेल हळूहळू, अजून नववीत आहे." दर वीकेंडला दुसऱ्या राज्यात स्पर्धा, हॉटेल, कोचचं तिकीट आपल्याकडून, वर अ‍ॅडमिशन कन्सल्टंट, ज्याची फी ऐकून माझ्या हातातला पळा भातातच राहिला. दोघेही आयआयटीचे, घासून अभ्यास करून वर आलेले, ज्यांच्या लहानपणी खेळ म्हणजे वाड्यातलं क्रिकेट. त्यांची चूक मी काढत नाही, पोराचं भलं कोणाला नको असतं. पण हे गृहस्थ जितका पैसा आणि जितके शनिवार-रविवार त्या जाळीच्या मुखवट्यामागे घालतायत त्याच्या शंभराव्या हिश्श्यात त्यांनी आपल्या आमदाराला एक पत्र लिहिलं असतं की न्यू जर्सीत पण कायदा करा, तर? कोणी लिहीत नाही. कारण दार सगळ्यांना उघडावं असं आपल्याला वाटतच नाहीये, आपलं पोर आत गेल्यावर ते बंद व्हावं असं वाटतंय.

आपल्याला असं मी मुद्दाम म्हणतेय.

आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये फिलाडेल्फियाला डॉक्टरकी शिकायला आल्या तेव्हा थंडीत नऊवारीने पाय उघडे पडतात म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसायला सुरुवात केली, एवढीच तडजोड, बाकी साडीवरच शिकल्या आणि १८८६ मध्ये डिग्री घेतली. मी तो काळा कोट दुसऱ्या दिवशी बॅगेच्या तळाशी टाकला. दिवाळीपर्यंत थ्रिफ्ट स्टोअरमधून कोपरावर ठिगळ असलेलं एक स्वेटर घेतलं, कोणाचं तरी टाकलेलं, चार डॉलरला, आणि ते घालून वर्गात गेले तर पहिल्यांदा कोणीतरी माझ्या कपड्यांना छान म्हणालं. आईला फोनवर सांगितलं की कोट सगळ्यांना आवडला.

आता लेक बारावीत गेलीय. ऑगस्टमध्ये कॉलेजांचे फॉर्म उघडले, ती डायनिंग टेबलावर लॅपटॉप घेऊन बसली होती आणि मी शेजारी शेंगा निवडत होते. ज्या कॉलेजात मी भांडी घासली ते तिच्या यादीत आहे, मी घातलेलं नाही, तिचं तिने घातलंय, तिथला समुद्र आवडतो म्हणे. गेली काही वर्षं मी तिथे दर डिसेंबरला थोडे डॉलर पाठवते. कशाला पाठवते असं नवऱ्याने विचारलं की मी म्हणते गरीब पोरांच्या फंडाला. आणि ते खरंही आहे. मैत्रीण मात्र म्हणाली होती, पाठवत राहा गं, नोंद राहते.

"आई, पालकांचं शिक्षण, कॉलेजचं नाव, डिग्री, साल," लेकीने वाचून दाखवलं. "तुझं टाकू ना? वर ते विचारतायत की घरातलं कोणी आमच्याकडे शिकलंय का."

मी शेंगांची परात उचलून ओट्यावर ठेवली, हात धुतले, पुसले, परत येऊन बसले. तिने तोवर थांबून ठेवलं होतं, बोट की-बोर्डवर.

"टाक," म्हटलं. "२००५."